भाजावळीचा धूर रात्रीत जातो कुठे?

प्रश्न असा आहे: गुहागरकडे मार्चमध्ये घरची भाजावळ (भाताची रोपं करण्याआधी जमीन भाजायची ती) संध्याकाळी पेटवली, रात्रभर वाडीत धूर कोंडून राहिला, सकाळी उन्हं वर येईपर्यंत वास गेला आणि हवा स्वच्छ वाटायला लागली, पण समुद्रावर मळकट पट्टा दिसत होता आणि दुपारी वारा फिरल्यावर घसा परत खवखवायला लागला. मग धूर हवेत संपतो की नाही, जुना झालेला धूर कमी त्रासदायक असतो का, आणि हवेतले कण मोजायला घरात आणलेल्या छोट्या सेन्सरचे आकडे खरे मानायचे का.

हवेतल्या कणांची केमिस्ट्री हेच माझं रोजचं काम, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर मधला भाग सोडून शेवटचं वाचा.

आधी सरळ उत्तर. धूर संपत नाही. तो पातळ होतो, त्यातला काही भाग वाफ होऊन कणातून निघून जातो, आणि जे उरतं ते इतकं बदलतं की दुसऱ्या दिवशी दुपारी तुमच्या छातीत जाणारा कण आदल्या संध्याकाळच्याच भाजावळीचा असला तरी तुमच्या नाकाला तो ओळखूच येत नाही. वास गेला म्हणजे धूर गेला असं आपण धरून चालतो आणि सगळा घोळ तिथेच होतो, कारण वास देणारे रेणू हलके आणि चटकन रिॲक्ट होणारे, ते पहिले जातात, वजन मागे राहतं.

ताज्या धुरात असतं काय ते बघू. भाजावळ म्हणजे शेण, कवळ (तोडलेल्या पानाळ फांद्या), पातेरा, गवत आणि वरून मातीचा थर, म्हणजे आग मुद्दाम दाबलेली, ज्वाळा कमी आणि धुमसणं जास्त. ज्वाळेत जळलं की काजळी जास्त होते, धुमसताना काजळी कमी पण अर्धवट तुटलेले ऑरगॅनिक पदार्थ भरमसाट निघतात, हजारो प्रकारचे. सेल्युलोज तुटून लेव्होग्लुकोसान नावाची एक साखर बनते, लिग्निन तुटून ग्वायकॉल, सिरिंगॉल, कॅटेकॉल ही फिनॉलची मंडळी येतात, पानांवरच्या मेणातून लांब साखळीची हायड्रोकार्बनं येतात. चुलीवरच्या जेवणाला जो धुरकट वास असतो ना, तो बराचसा या ग्वायकॉल-सिरिंगॉलचा. बहुतेक कण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे, आपला केस साधारण ७० मायक्रॉन, म्हणजे गुरुत्वाकर्षणाने ते खाली बसतील ही आशा सोडा. पाऊस नसेल तर असे कण आठवडाभर सुद्धा हवेत राहतात.

आता पहिला बदल, जो पहिल्या तासाभरातच होतो आणि त्यात रासायनिक असं काही नसतं. आगीजवळ धूर दाट असतो म्हणून अर्धवट उडणारे पदार्थ कणात दाबून बसलेले असतात, धूर पसरून पातळ झाला की ते वाफ होऊन बाहेर पडतात. आधी हवेची कॉम्प्युटर मॉडेलं करणारे धुराचा कण म्हणजे एकदा निघाला की तसाच राहणारा ठिपका धरायचे. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी दाखवलं की डिझेलचा आणि लाकडाचा धूर पातळ केला की कणाचा बराच भाग उडून जातो, आणि उडालेली वाफ उन्हात ऑक्सिडाइज होऊन परत कणांवर येऊन बसते, पण या वेळी कायमची. कारण रेणूला एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) लागला की त्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याचा कल, ढोबळमानाने शंभरपट खाली येतो, ॲसिडचा गट लागला तर त्याहून जास्त, मग तो रेणू हवेत वाफ म्हणून राहूच शकत नाही, दिसेल त्या कणावर बसतो. त्यामुळे आगीपासून लांब जाऊन मोजलं, पातळ होण्याचा हिशोब कार्बन मोनॉक्साइडवरून (तो इतक्यात बदलत नाही, नुसता पातळ होतो) वजा केला, तरी कणांचं वजन कधी वाढलेलं, कधी तेवढंच, कधी थोडं उतरलेलं असं मिळतं. ऑक्सिजनचं प्रमाण मात्र दर वेळी वाढलेलंच असतं, तिथे अपवाद जवळजवळ नाही.

हे सगळं दिवसा घडवून आणतो तो ओएच रॅडिकल, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या एकेका अणूचा, दिसेल त्याच्याशी रिॲक्ट होणारा तुकडा. ओझोनला सूर्याचे अल्ट्राव्हायोलेट किरण तोडतात, सुटलेला ऑक्सिजनचा अणू पाण्याच्या वाफेवर आदळतो, दोन ओएच तयार होतात आणि ते जेमतेम सेकंदभर जगतात. एका घनसेंटिमीटर हवेत एकूण रेणू २५ वर अठरा शून्यं इतके, आणि त्यात ओएच भर दुपारी काही दशलक्ष, म्हणजे नगण्य म्हणावे इतके, पण हे नगण्यच हवेतलं बहुतेक सगळं काम करतात. आणि लागतं काय तर कडक ऊन, थोडा ओझोन आणि दमट हवा. मार्च-एप्रिलमधल्या कोकणात या तिन्हीला तोटा नाही! लेव्होग्लुकोसानचंच बघा, ते लाकडाच्या धुराची न बदलणारी खूण म्हणून जगभर वापरलं जायचं, मग प्रयोगात दिसलं की उन्हाळ्यातल्या ओएचपुढे ते एक-दोन दिवसच टिकतं. म्हणजे लांबच्या ठिकाणी लेव्होग्लुकोसान सापडलं नाही म्हणून तिथे धूर पोचलाच नाही असं म्हणता येत नाही, आणि हे अजूनही बरेच जण म्हणतात.

आमच्या मशीनवर हा बदल कसा दिसतो ते सांगते, म्हणजे सगळं हवेतलं बोलणं वाटणार नाही. एरोसॉल मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये कण ६०० अंशांच्या गरम पृष्ठभागावर आपटून वाफ होतो आणि इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने त्याचे तुकडे होतात, स्क्रीनवर त्या तुकड्यांच्या वजनाच्या काठ्या उभ्या राहतात. ताज्या धुरात ६० नंबरची काठी उठून दिसते, ती लेव्होग्लुकोसानसारख्या साखरांची. ४४ नंबरची काठी म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा तुकडा, तो मुख्यतः ॲसिडच्या गटातून येतो. ताजा धूर आला की ६० वर, आणि तोच धूर उन्हात काही तास फिरून आला की ६० बसलेली आणि ४४ चढलेली. आकड्यात सांगायचं तर कार्बनच्या दर अणूमागे ऑक्सिजन ताज्या धुरात ०.३-०.४ च्या आसपास असतो, गाड्यांच्या ताज्या धुरात तर ०.१ च्याही खाली, आणि चांगल्या मुरलेल्या कणात ०.६ पासून १ पर्यंत जातो. गंमत अशी की मुरल्यावर डिझेल काय, लाकूड काय, झाडांच्या वाफेतून बनलेले कण काय, सगळे एकमेकांसारखे दिसायला लागतात, कोणाचा कोण ते ओळखणं अवघड होतं. महाबळेश्वरला पुण्याच्या आयआयटीएमची, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची, ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे, तिथेही बारीक कणांची अशी मोजमापं झाली आहेत आणि कोरड्या महिन्यांत ऑरगॅनिकचा वाटा सगळ्यात मोठा निघालाय. घाटमाथ्यावरचा तो माल तिथल्या तिथे बनलेला नव्हे, कोकणातून आणि देशावरून चढून गेलेला, वाटेत मुरलेला.

रात्रीचं प्रकरण वेगळं आणि मला वाटतं जास्त मजेचं. ऊन नाही म्हणजे ओएच जवळजवळ नाही, पण नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन मिळून नायट्रेट रॅडिकल बनतो, जो दिवसा उन्हात काही सेकंदांत फुटतो आणि म्हणून फक्त रात्रीच साठतो. नायट्रोजन डायऑक्साइड हायवेच्या ट्रकांकडून येतो, थोडा भाजावळीतूनही. या रॅडिकलला फिनॉल भारी आवडतात, कॅटेकॉल मिळालं की नायट्रोकॅटेकॉल करून टाकतो, आणि हे नायट्रोकॅटेकॉल रंगीत असतं. रात्रभर धूर वाडीत कोंडला की सकाळच्या फिल्टरवर काळा नाही तर पिवळट-तपकिरी डाग मिळतो. त्यातून एक गोल चकती कापायची, काचेच्या कुपीत पाणी घालून हलवायची, गाळायची, पाणी पिवळं होतं, आणि त्यात थोडा अल्कली टाकला की रंग झटकन गडद होतो, ती नायट्रोफिनॉलच्या कुटुंबाची ओळख. आता तीच कुपी, काच मात्र क्वार्ट्झची हवी कारण साध्या काचेत किरण अडतात, दिवसभर उन्हात ठेवा, संध्याकाळपर्यंत पाणी फिकं पडलेलं असतं. हवेतही हेच होतं. अमेरिकेतल्या वणव्यांच्या धुरात तपकिरी रंगाचं अर्धआयुष्य ९ ते १५ तास निघालंय. मालदीवच्या हनिमाधू बेटावर पोचलेल्या आपल्याकडच्या धुराचा रंग तर दिल्लीतल्या नमुन्याच्या मानाने खूपच उतरलेला सापडलाय. रंग उतरला म्हणजे पदार्थ गेला असं नव्हे हं, रंग देणारा भाग मोडला, कण आहे तिथेच आहे. तुमची सकाळी स्वच्छ वाटलेली हवा ही अशी.

ओझोन थेट कणावरही काम करतो, पण त्याला डबल बाँड, म्हणजे दोन कार्बनमधला दुहेरी बंध, लागतो. डबल बाँड नसेल तर ढुंकून बघत नाही. स्वयंपाकाच्या धुरातलं ओलेइक ॲसिड हे यातलं सगळ्यात घोटलेलं उदाहरण, अठरा कार्बनची साखळी बरोबर मधोमध तुटते, एक नऊ कार्बनचा तुकडा नोनॅनल म्हणून उडून जातो आणि दुसरा ॲझेलाइक ॲसिड वगैरे होऊन कणात राहतो. बरणीतलं तेल खवट होतं तसंच हे हवेत तरंगत्या थेंबात, फरक एवढाच की तिथे साध्या ऑक्सिजनला महिने लागतात आणि इथे ओझोनला, शुद्ध थेंब असेल तर, मिनिटं. खऱ्या हवेत थेंब शुद्ध नसतो, त्यामुळे तास ते दिवस धरा. यावरून एक गोष्ट लक्षात येते, शेंगदाणा तेलात ओलेइक जवळपास अर्धं असतं, खोबरेलात सुमारे नव्वद टक्के चरबी सॅच्युरेटेड (डबल बाँड नसलेली), म्हणजे बांगडे खोबरेलात तळले तर त्या धुरावर ओझोनचं फारसं काही चालत नाही, त्याला ओएचचीच वाट बघावी लागते.

आणि काजू! काजूच्या टरफलातलं तेल, जे अंगावर उडालं की फोड येतात, ते म्हणजे ॲनाकार्डिक ॲसिड आणि त्याच्या जोडीची फिनॉल, तापल्यावर ॲनाकार्डिक ॲसिडमधून कार्बन डायऑक्साइड निघून कार्डॅनॉल होतं. या रेणूला एका बाजूला फिनॉलचं कडं आणि दुसऱ्या बाजूला पंधरा कार्बनची शेपटी, बहुतेकांच्या शेपटीत एक, दोन किंवा तीन डबल बाँड. म्हणजे कडं ओएचला आणि रात्रीच्या नायट्रेट रॅडिकलला आयतं, शेपटी ओझोनला आयती. बिया भाजताना जो डोळे चुरचुरवणारा धूर येतो तो केमिस्ट्रीच्या दृष्टीने अत्यंत उतावळा धूर आहे, तो तसाच्या तसा फार लांब जाणार नाही. जाणार तो बदलून.

आता समुद्रावरचा पट्टा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ते इथे कामाला येतं. रात्री जमीन थंड पडते, मतलई वारा धुराला खाड्यांच्या वाटेने समुद्रावर नेतो, तिथे तो पाण्यावरच्या दमट थरात पसरतो, सकाळी ऊन लागलं की ओएचची केमिस्ट्री सुरू, आणि दुपारी खारा वारा सुटला की तोच माल किनाऱ्याला परत. मागे सह्याद्रीची भिंत, त्यामुळे पूर्वेला मोकळं निघून जायलाही वाव कमी. तेव्हा दुपारी समुद्रावरून येणारी हवा ताजी, असं भाजावळीच्या दिवसांत तरी समजू नका, तुमचा घसा बरोबर सांगत होता. त्यात तुमच्या एकट्याचा धूर नाही, अख्ख्या किनाऱ्याचा आहे, वर डोंगरावरचे वणवे, शिवाय वरच्या थरात देशावरून आलेलं. १९९९ च्या जानेवारी ते मार्चमध्ये इंडोएक्स नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली होती, तेव्हा आपल्या उपखंडातून निघालेली अशी धूसर हवा हिंदी महासागरावर हजारो किलोमीटर पसरलेली सापडली.

समुद्रावर आणखी एक भानगड होते, मिठाची. रात्री नायट्रेट रॅडिकलपासून बनलेलं डायनायट्रोजन पेंटॉक्साइड मिठाच्या ओल्या कणावर बसलं की नायट्रिल क्लोराइड सुटतं, सकाळच्या उन्हात ते फुटून क्लोरीनचा अणू मोकळा होतो, आणि क्लोरीन हा ओएचपेक्षाही आडदांड, पानांच्या मेणातल्या सुस्त हायड्रोकार्बनांनाही सोडत नाही. अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर हे २००८ मध्ये पहिल्यांदा नीट मांडलं गेलं. कोकणात गरम रात्री याचा जोर कमी पडत असावा, कारण पेंटॉक्साइड उष्णतेने परत मोडतं.

दमटपणाचा मुद्दा मात्र मी जोर देऊन सांगेन, कारण पुस्तकी हिशोब बहुतेक थंड-कोरड्या देशांतले असतात. २०१० मध्ये फिनलंडच्या जंगलातले ऑरगॅनिक कण तपासले तेव्हा ते द्रव नव्हे, काचेसारखे घट्ट निघाले. घट्ट कणात आतला रेणू बाहेर येत नाही आणि बाहेरचा ओझोन आत शिरत नाही, म्हणून बेंझोपायरीनसारखी कॅन्सरकारक द्रव्यं अशा कवचाखाली खूप लांबपर्यंत टिकून जातात. आपल्या किनाऱ्यावर रात्री हवेतली आर्द्रता ८०-९० टक्के, कण पाणी पिऊन पातळ होतो, आतबाहेर ये-जा चालू, म्हणून इथे धूर लवकर मुरतो. चांगलं की वाईट ते कोणत्या पदार्थाबद्दल बोलतोय त्यावर. बेंझोपायरीन लवकर मोडेल, पण क्विनोनसारखी नवी द्रव्यं बनतील, जी पेशींमध्ये ऑक्सिडेशनचा ताण वाढवतात. लाकडाचा धूर प्रयोगशाळेत मुरवून बघितलाय तेव्हा कणाच्या वजनामागे हा ताण काही वेळा वाढलेला मिळालाय. म्हणून जुना धूर निरुपद्रवी असतो का याचं माझं उत्तर नाही असंच आहे, त्रास वेगळ्या जातीचा होतो एवढंच. मर्यादा बघायच्या तर आपल्याकडे पीएम २.५ साठी, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, २४ तासांची सरासरी घनमीटर हवेमागे ६० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून १५, आणि दोन्हीकडे कण ताजा की शिळा हा फरकच केलेला नाही.

सगळा दोष धुराचाही नाही. झाडं दर वर्षी जगभरात सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन नावाचं हायड्रोकार्बन वाफेच्या रूपात सोडतात, आंब्याच्या मोहोराच्या आणि फळाच्या वासात टर्पीन असतात, त्यांनाही डबल बाँड आहेत, ओझोन-ओएच लागून त्यांचेही कण होतात. ॲमेझॉनच्या जंगलातल्या कणांत आयसोप्रीनची ऑक्सिडाइज झालेली रूपं सापडली ती २००४ मध्ये, तोवर आयसोप्रीनपासून कण होतच नाहीत असं बहुतेकांचं ठाम मत होतं.

मग शेवट कधी? ऑक्सिजन लागत लागत रेणू इतका भरतो की पुढच्या धक्क्याला कार्बनची साखळीच तुटते, तुकडे फॉर्मिक, ॲसेटिक ॲसिड होऊन उडतात, काही थेट कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड होतात. हे दिवसांचं काम आहे. त्याआधी बहुतेक वेळा पाणीच त्याला गाठतं, कारण मुरलेला कण पाणी सहज ओढतो, ढगाच्या थेंबाला बसायला जागा देतो आणि पावसाबरोबर खाली येतो. वळवाची एक मोठी सर जे काम करते ते ओएचला आठवडाभर जमत नाही.

भाजावळ करायचीच असेल, आणि भातशेती करणाऱ्याला बंद करा सांगणं मला पटत नाही, तर संध्याकाळी पेटवू नका. सूर्य कलला की हवेचा खालचा थर आटतो आणि धूर तिथेच कोंडतो, रात्रीचं नायट्रेटचं प्रकरण त्यावर. सकाळी दव वाळल्यावर, खारा वारा जोर धरायच्या आत पेटवा आणि दुपारपर्यंत विझवून मोकळे व्हा. कवळ नीट वाळलेली असू दे, ओली असली की धुमसणं वाढतं, आणि प्लॅस्टिक चुकूनही टाकू नका.

सेन्सरचं म्हणाल तर तो लेझरचा उजेड कणावरून किती विखुरतो ते बघून वजनाचा अंदाज करतो, त्याला कण कशाचा बनलाय ते कळत नाही. ०.३ मायक्रॉनखालचे कण त्याला नीट दिसत नाहीत, धुरासाठी त्याचं कारखान्यातलं कॅलिब्रेशन बऱ्याचदा फुगीव आकडा देतं, आणि पहाटे आर्द्रता चढली की मुरलेले कण पाणी पिऊन सुजतात आणि तो ते पाणीही वजनात धरतो. त्यामुळे पहाटेचा १५० आणि दुपारचा ६० बघून हवा निम्म्याहून चांगली झाली असं समजू नका. आर्द्रतेचा आकडा शेजारी लिहून ठेवा, ७५ टक्क्यांवरचे तास बाजूला काढा आणि उरलेल्यांत एका दुपारची दुसऱ्या दुपारशी तुलना करा, एवढ्यापुरता तो सेन्सर कामाचा आहे.